व्यावसायिक ज्ञान देताना हातचे काय राखले जाते?

यंत्रस्नेही (धागाकर्ता)

गेली १९ वर्षे मी फिरत्या यंत्रांच्या देखभालीचे काम करतो. या काळात जे शिकलो त्यातले निम्मे तरी मला अशा समव्यावसायिकांनी शिकवले, ज्यांना मी कधी पाहिलेले नाही आणि ज्यांची खरी नावेही मला ठाऊक नाहीत. त्यांनी ते का शिकवले, आणि शिकवताना काय सांगायचे टाळले, हा प्रश्न अलीकडे मला स्वस्थ बसू देत नाही. म्हणून हा धागा.

आधी एक प्रसंग सांगतो. आमच्याकडील एका पंपाचे बेअरिंग दर सहा-सात आठवड्यांनी निकामी होत असे. गरम पाणी वाहून नेणारा, पायांवर बसवलेला साधा केंद्रोत्सारी पंप. बेअरिंगचा उत्पादक बदलून पाहिला, वंगण बदलले, पंप आणि मोटर यांचे दांडे जोडणारे कपलिंग नवे घातले आणि डायल गेज (काट्याचे सूक्ष्म मापक) लावून अलाइनमेंट, म्हणजे ते दोन दांडे एका रेषेत आहेत की नाही, तीन वेळा तपासली. प्रत्येक वेळी काटा मर्यादेच्या आतच होता. शेवटी देखभाल अभियंत्यांच्या एका आंतरजालीय समूहात सगळी मोजमापे लिहून प्रश्न टाकला. पहिल्या पाच-सहा जणांनी जे सुचवले ते सारे माझे करून झाले होते. सातव्या गृहस्थांनी उत्तर दिलेच नाही. त्यांनी एवढेच विचारले, "मोजमाप घेताना पंप थंड होता की गरम?"

पंप थंडच होता, कारण दुरुस्तीसाठी तो आदल्या दिवशीच बंद केलेला असे. पोलाद दर मीटरला दर अंश सेल्सिअसमागे साधारण १२ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) वाढते. पंपाचा दांडा पायापासून ४०० मिलिमीटर उंचीवर आणि तापमानातील फरक १०० अंश धरला, तर कागदावर जवळपास अर्धा मिलिमीटर वाढ येते. पाय कवचाइतके तापत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात ती कमी भरते. परंतु आम्हाला चालणारी चूक शतांश मिलिमीटरांत मोजायची असते, आणि शेजारची मोटर त्या मानाने फारशी वर उचलली जात नाही. थोडक्यात, मी ज्या अचूक अलाइनमेंटचा अभिमान बाळगत होतो ती पंप सुरू झाल्यावर तासाभरात मोडत होती.

यात गुपित काहीच नव्हते. हे पाठ्यपुस्तकात असते आणि परीक्षेत मी ते लिहिलेही होते. म्हणजे त्या गृहस्थांनी मला जे दिले ते ज्ञान नव्हते. कुठे पाहावे एवढेच त्यांनी दाखवले. आपापल्या व्यवसायात अशी देवाणघेवाण कशी चालते, आणि आपण हातचे राखून काय ठेवता, ते कृपया लिहावे.

निदान

मी विकृतिशास्त्राच्या (पॅथॉलॉजीच्या) क्षेत्रात आहे. आमच्याकडे अवघड बायोप्सीवर दुसरे मत मागण्याची प्रथा जुनी आहे. पूर्वी काचपट्ट्या टपालाने जात, आता सूक्ष्मदर्शकातून घेतलेली छायाचित्रे समूहात टाकली जातात. आपल्या पंपाच्या प्रश्नाशी याचे फार जवळचे नाते आहे.

विचारणारा जे छायाचित्र टाकतो त्यात त्याची शंका आधीच शिरलेली असते. ज्या पेशी त्याला भयावह वाटल्या त्यांच्यावर तो भिंग रोखतो, मोठे विवर्धन लावतो आणि विचारतो की हा कर्करोग आहे का. त्या चौकटीत पाहिले तर बहुधा कोणालाही तसेच वाटेल. उत्तर मात्र पुष्कळदा त्याने न टिपलेल्या भागात असते: त्या पेशी आजूबाजूच्या ऊतीत घुसल्या आहेत की नाही, कडेला जुन्या जखमेची भरपाई चालू आहे का, छेद तिरपा तर गेलेला नाही. म्हणून जाणते लोक पहिल्या प्रतिसादात मत देत नाहीत. आधी कमी विवर्धनात संपूर्ण छेद दाखवा, असे सांगतात. नवखे मात्र दोन मिनिटांत निदान देऊन मोकळे होतात. गंमत अशी की आभार बहुतेक वेळा त्यांनाच मिळतात.

हातचे राखण्याबद्दल सांगायचे तर आमच्याकडे ते कर्तव्य आहे. रुग्णाचे नाव खोडले म्हणजे काम झाले, हा समज धोक्याचा आहे. अमेरिकेच्या आरोग्य-गोपनीयता नियमांत काढून टाकण्याच्या १८ प्रकारच्या ओळखखुणांची यादी आहे आणि तीत तारखा, छायाचित्रे, उपकरणांचे क्रमांक असे पुष्कळ काही येते; तरीही विरळा आजार, वय आणि व्यवसाय या तीन गोष्टी एकत्र आल्या की रुग्णाच्या गावातला माणूस त्याला ओळखू शकतो. त्यामुळे जे प्रकरण शिकण्यासाठी सर्वांत मोलाचे, तेच उघडपणे मांडायला सर्वांत अवघड असते. मी अशी दोन प्रकरणे कित्येक वर्षे मनातच ठेवली आहेत.

आज्ञावली

सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात वाटून घेण्याची सवय धंद्याच्या जन्माबरोबरच आली, असे म्हणता येईल. आंतरजालाच्या पूर्वसुरीची, म्हणजे अर्पानेटची, नियमावली ज्या टिपणांतून घडली त्यांतील पहिले टिपण स्टीव्ह क्रॉकर यांनी ७ एप्रिल १९६९ रोजी लिहिले. आपण फार अधिकाराने बोलतो आहोत असे वाटू नये म्हणून त्यांनी त्या टिपणांना 'अभिप्रायासाठी विनंती' अशा अर्थाचे नम्र नाव दिले. त्याच मालिकेतील तिसऱ्या टिपणात म्हटले आहे की उदाहरणाविना मांडलेले विचार चालतील, उत्तराविना विचारलेले प्रश्न चालतील, आणि टिपणाची किमान लांबी एक वाक्य. अपुरे लिहायची परवानगी देणारी ती ओळ मला त्या साऱ्या तांत्रिक मजकुराहून महत्त्वाची वाटते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या नव्या प्रणालीची, म्हणजे पुढच्या लिनक्सची, वार्ता दिली तीही त्याच सुरात: हा केवळ छंद आहे, आणि मिनिक्स ही तेव्हाची दुसरी प्रणाली वापरणाऱ्यांना तीत काय आवडते, काय आवडत नाही ते सांगा.

२००८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचे प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ आले आणि या सवयीला गुणांक मिळाले. उत्तराला मते, मतांना गुण, गुणांना अधिकार. याचा मोठा लाभ झाला, कारण नेमके उत्तर वर येऊ लागले. पण प्रश्न विचारणे ही परीक्षा झाली. ज्या चुकीसाठी मदत हवी ती दाखवणारी किमान आज्ञावली द्या, असा आग्रह तेथे असतो, आणि तो रास्त आहे. पाचशे ओळींतून वीस ओळी वेगळ्या काढताना निम्म्या वेळा चूक स्वतःलाच सापडते आणि प्रश्न टाकावा लागत नाही. मात्र तोच आग्रह कोरड्या शब्दांत आला की नवा माणूस पुन्हा फिरकत नाही.

मला खरी चीड येते ती एका वेगळ्याच गोष्टीची. माझ्यासारखीच अडचण आलेल्या एखाद्या गृहस्थाचा आठ वर्षांपूर्वीचा प्रश्न शोधात सापडतो, खाली पाच जणांचे तर्क असतात, आणि शेवटी त्या गृहस्थाने लिहिलेले असते, "सुटले, धन्यवाद." कसे सुटले ते कुठेही नाही. असा माणूस समोर असता तर मी त्याला चहासुद्धा विचारला नसता.

कोरा_कागद

मला कामाला लागून जेमतेम एक वर्ष झाले आहे. मी अनेक समूहांत नुसता वाचतो. प्रश्न लिहितो आणि खोडतो, कारण माझा प्रश्न बाळबोध आहे हे सर्वांना कळेल आणि कदाचित माझ्या वरिष्ठांनाही कळेल, अशी भीती वाटते. नुसते वाचणाऱ्यांना आपण फुकटे समजता का?

निदान

@कोरा_कागद, मुळीच नाही. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या अभ्यासकांनी १९९१ मध्ये शिंपी, सुईणी, खाटीक अशा धंद्यांतील उमेदवारीचा विचार करून मांडले की नवा माणूस आधी कडेला उभा राहून, छोटी आणि कमी जोखमीची कामे करत आत येतो, आणि ही कडेची जागा शिकण्याचीच जागा असते. शिंप्याकडचा उमेदवार पहिल्या दिवशी कापड कापत नाही. तो आधी गुंड्या लावतो आणि इस्त्री करतो, आणि तेवढ्यात तयार कपडा कसा दिसतो हे त्याच्या डोळ्यांत बसते. आपण वाचता आहात, हीच आपली गुंड्या लावण्याची पायरी समजा. फक्त एक करावे: प्रश्न खोडण्याऐवजी जपून ठेवावा, आणि उत्तर सापडले की दोन्ही एकत्र टाकावेत.

उड्डाण

विमानवाहतुकीत मी बरीच वर्षे काढली आहेत. हातचे राखल्याची किंमत काय असते, हे आमच्या क्षेत्राने फार कठोरपणे शिकले.

१ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचे ५१४ क्रमांकाचे विमान वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळाकडे उतरत असताना व्हर्जिनियातील माउंट वेदर या डोंगरावर आदळले आणि आतील सर्व ९२ जण मरण पावले. नियंत्रकाने उतरणीची परवानगी दिली होती. त्या परवानगीचा अर्थ आता १,८०० फुटांपर्यंत खाली यावे असा आहे, असे वैमानिकांनी घेतले; नियंत्रकाच्या मते मार्गावरील उंची राखण्याची जबाबदारी अजून वैमानिकांचीच होती. एकाच शब्दाचे दोन अर्थ, आणि मध्ये डोंगर.

चौकशीत पुढे आले की सुमारे सहा आठवड्यांपूर्वी युनायटेड कंपनीचे एक विमान त्याच उतरणीत, त्याच गैरसमजामुळे, त्याच डोंगरावरून थोडक्यात बचावले होते. त्या वैमानिकांनी हे लपवले नव्हते. त्यांनी आपल्या कंपनीला कळवले आणि कंपनीने आपल्या सर्व वैमानिकांना सावध केले. पण ती सूचना कंपनीच्या भिंतीबाहेर नेणारी वाटच नव्हती. वाईट हेतू कोणाचाही नव्हता, कोणी कंजूषपणाही केला नव्हता, तरी जे एका घरात ठाऊक होते ते शेजारच्या घरात पोहोचले नाही.

त्यातून १९७६ मध्ये वैमानिक, नियंत्रक आणि इतरांनी आपल्या चुका व प्रसंग गोपनीयपणे कळवण्याची व्यवस्था उभी राहिली, आणि तिचे कारभारी म्हणून नियामकाऐवजी नासाला नेमण्यात आले. हा बारकावा फार मोलाचा आहे. ज्याच्या हाती परवाना रद्द करण्याचा अधिकार, त्याच्यापाशी कोण मन मोकळे करील? अहवाल आल्यावर विश्लेषक गरज पडल्यास लिहिणाऱ्याला दूरध्वनी करून तपशील विचारतात. त्यानंतर त्याची ओळख सांगणारी पट्टी कापून त्यालाच परत पाठवली जाते. चूक हेतुपुरस्सर नसेल, त्यात अपघात वा गुन्हा नसेल आणि दहा दिवसांच्या आत कळवली असेल, तर नियमभंगाबद्दल सहसा दंड होत नाही. जमलेल्या अहवालांतून निवडक प्रसंग एका मासिक पत्रकात सर्वांसाठी छापले जातात.

म्हणून @निदान यांना मी असे सुचवीन की ती दोन प्रकरणे मनात ठेवण्याऐवजी, ओळख काढून घेणारा कोणी विश्वासू मध्यस्थ आपल्या क्षेत्रात आहे का ते पाहावे. मोकळेपणा स्वभावातून थोडाफार येतो. बाकीचा व्यवस्थेतून यावा लागतो.

तळटीप

येथे सर्वांचा सूर उदारतेचा आहे, तेव्हा विरोधी बाजू मांडतो. मी करसल्लागार आहे. मी हातचे राखतो आणि त्याची मला लाज वाटत नाही.

पहिले कारण पोटापाण्याचे असेल असे आपणास वाटेल, पण तसे नाही. ग्राहक मला माहितीसाठी पैसे देत नाहीत; माहिती त्यांना कुठेही मिळते. ते पैसे देतात माझ्या सहीसाठी, म्हणजे उद्या चूक निघाली तर उत्तर द्यायला मी उभा असेन यासाठी. समूहात मी जे लिहितो त्याखाली तशी सही नसते, पण वाचणारा ती असल्याचे धरून चालतो.

दुसरे कारण असे की आमच्या उत्तरांना मुदत असते. पंपाचे पोलाद पुढच्या वर्षीही तितकेच वाढेल. करविषयक तरतूद मात्र एका दुरुस्तीत उलटी होते. मी काही वर्षांपूर्वी एका समूहात "जर मालमत्ता स्वतःच्या वापरात असेल आणि जर विक्री याच आर्थिक वर्षात झाली असेल, तर" अशी सुरुवात करून एक उत्तर दिले होते. पुढे ते उत्तर कोणी कापून दुसरीकडे चिकटवले. दोन्ही 'जर' गळाले आणि 'तर' तेवढा उरला. वर्षभराने तेच वाक्य एका अनोळखी माणसाने मला प्रमाण म्हणून दाखवले, आणि त्याने त्यानुसार विवरणपत्र भरलेही होते. तेव्हापासून मी तरतूद कुठे शोधावी हे सांगतो, दोन्ही बाजूंचे मुद्दे मांडतो, वाक्याच्या पोटातच तारीख घालतो, आणि निष्कर्ष देत नाही.

आज्ञावली

@तळटीप, वाक्याच्या पोटात तारीख घालण्याची युक्ती मी आजपासून उचलतो. आमच्याकडेही दहा वर्षांपूर्वीचे सर्वाधिक मतांचे उत्तर आज सुरक्षेच्या दृष्टीने घातक असू शकते, आणि मते मात्र तशीच चढत राहतात.

आपल्या 'सही'च्या मुद्द्याला एक पुरवणी जोडतो. डिसेंबर २०२२ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोने कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेल्या उत्तरांवर बंदी घातली. कारण असे दिले की ती दिसायला चांगली असतात, पण बरोबर असण्याचे प्रमाण फार कमी आहे आणि ती तपासणाऱ्यांची संख्या त्या लोंढ्यापुढे अपुरी पडते. आज ती साधने तेव्हापेक्षा पुष्कळ सुधारली आहेत आणि मी स्वतः ती रोज वापरतो. तरी "मी हे करून पाहिले, माझ्याकडे असे झाले" या वाक्यामागे कोणीतरी खरोखर करून पाहिलेले असावे लागते. ते वाक्य उसने आणता येत नाही.

यंत्रस्नेही (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. @तळटीप यांच्या विरोधाने मला अधिक विचार करायला लावले, आणि माझे म्हणणे थोडे बदलले आहे.

लिहून देता येते ते आणि लिहून देता येत नाही ते, यांतला फरक मी सुरुवातीला पुसट ठेवला होता. हॅरी कॉलिन्स या समाजशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये एका विशिष्ट प्रकारच्या लेझरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तो लेझर कसा बनवायचा हे शोधनिबंधांत छापलेले होते, तरीही केवळ निबंध वाचून तो चालवून दाखवणारी एकही प्रयोगशाळा त्यांना आढळली नाही. ज्यांना जमला त्यांचा तो आधी जमलेल्या कोणाशी तरी प्रत्यक्ष संबंध आलेला होता. निबंध लिहिणाऱ्यांनी काही दडवले होते असेही सरसकट म्हणता येत नाही. तारा किती आखूड ठेवाव्यात यांसारखी गोष्ट सांगण्याजोगी आहे, हे पुष्कळदा त्यांनाच उमगलेले नव्हते. हे वाचल्यावर माझ्या लक्षात आले की आपण हातचे राखतो त्यातला मोठा भाग आपल्या नकळत राखलेला असतो. "थंड की गरम?" असे कोणी विचारीपर्यंत मीही माझ्या प्रश्नात ते लिहिले नव्हते.

दुसरे उदाहरण आमच्याच जातकुळीचे आहे. झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती तंत्रज्ञांबरोबर राहून ज्युलियन ऑर या मानवशास्त्रज्ञांनी दाखवले की कंपनीची मार्गदर्शिका जेथे थिटी पडते तेथे हे लोक एकमेकांना बिघाडांच्या कहाण्या सांगून मार्ग काढतात. जेवणाच्या वेळी, कॉफीच्या वेळी. पुढे १९९० च्या दशकात त्याच कंपनीत अशा क्लृप्त्या साठवणारी युरेका नावाची प्रणाली आली. तंत्रज्ञाने पाठवलेली क्लृप्ती आधी जाणते तंत्रज्ञ तपासत, आणि ती प्रसिद्ध होताना सांगणाऱ्याचे नाव तिच्यासोबत जात असे. विमानवाहतुकीत नाव कापून टाकल्यामुळे लोक बोलते झाले आणि येथे नाव ठेवल्यामुळे, हा विरोध मला बराच वेळ छळत होता. पण एका ठिकाणी माणूस आपली चूक देतो आणि दुसऱ्या ठिकाणी आपले यश. नावाचे काय करायचे ते त्यावर ठरत असावे.

आता कबुली. @आज्ञावली यांनी ज्या गृहस्थाला चहासुद्धा विचारला नसता, तो मीच आहे. पंपाच्या त्या प्रश्नाखाली मी "समस्या सुटली, सर्वांचे आभार" एवढेच लिहून निघून गेलो होतो. आठ महिन्यांनी एका अनोळखी अभियंत्याचा व्यक्तिगत निरोप आला: त्याच्याकडेही तसेच बेअरिंग जात होते, त्याने माझा धागा तीनदा वाचला होता, आणि नेमके काय केले एवढेच त्याला हवे होते. मी त्याला सांगितले, पण धाग्यात लिहायचे तरीही राहून गेले. खरे कारण आळस नव्हते. इतकी प्राथमिक गोष्ट आपल्याकडून सुटली हे माझ्या नावाखाली कायमचे राहील, याची लाज वाटत होती.

आज सकाळी त्या जुन्या प्रश्नाखाली पुढील नोंद टाकली आहे:

"बेअरिंग जाण्याचे कारण उष्णतेने होणारी वाढ हे होते. मी अलाइनमेंट थंड अवस्थेत शून्यावर जुळवत होतो, ही माझी चूक. पंप चालू तापमानावर तासभर चालवून बंद केला आणि लगेच मोजमाप घेतले, तेव्हा पंपाचा दांडा मोटरच्या दांड्यापेक्षा ०.२२ मिलिमीटर वर आढळला. मोजेपर्यंत पंप थोडा निवला असणार, त्यामुळे खरा आकडा किंचित जास्त धरावा. मोटरखाली तेवढ्या जाडीचे शिम (पातळ पत्रे) घालून, थंड अवस्थेत पंप मुद्दाम खाली राहील असे जुळवले. त्यानंतर १४ महिने तेच बेअरिंग चालू आहे. सक्शनच्या नळाचा ताण आम्ही तपासलेला नाही, त्यामुळे त्याचाही काही वाटा होता का ते सांगता येत नाही. आपला पंप मध्यरेषेवर, म्हणजे दांड्याच्या उंचीवर, टेकवलेला असेल तर हे गणित जसेच्या तसे लागू होणार नाही."

कोरा_कागद

सक्शनच्या नळाचा ताण कसा तपासतात? प्रश्न बाळबोध असेल तर क्षमस्व.

यंत्रस्नेही (धागाकर्ता)

कपलिंगवर डायल गेज लावून ठेवायचे, नळाच्या फ्लॅंजचे (जोडाच्या कडेचे) बोल्ट एकेक करून सैल करायचे आणि काटा हलतो का ते पाहायचे. हलला तर नळ पंपाला ओढतो आहे. आम्ही हे येत्या बंदच्या काळात करणार आहोत. काटा किती हलला ते येथेच लिहीन.